हललेल्या फोटोचं वकीलपत्र

सुरतेहून डांगात ट्रेकला जाणाऱ्या मित्रमंडळींनी काढलेले रानातल्या जिवांचे फोटो वाईट असतात, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ते चांगले निघण्याची सोयच नसते. कॅमेरा एकाच्या गळ्यात, दुर्बीण दुसऱ्याच्या, पक्षी दिसलेला तिसऱ्याला, आणि "कुठंय, कुठंय" करत नेमकी तीच फांदी हलवणारा चौथा. या चौघांच्या सहकार्यातून जो फोटो जन्माला येतो त्यात सागाची पानं शिरांसकट स्वच्छ दिसतात, पानांमागे एक तपकिरी डाग दिसतो आणि उजव्या कडेला कोणाचं तरी कोपर येतं. डाग म्हणजे पक्षी की वाळकं पान, यावर परतीच्या वाटेवर वघईपासून बारडोलीपर्यंत चर्चा चालते. घरी आल्यावर तो फोटो ग्रुपवर पडतो, चार अंगठे मिळवतो आणि दुसऱ्या दिवशीच्या सुप्रभातांखाली कायमचा गाडला जातो. त्याच ट्रेकमध्ये काढलेला धबधब्याचा फोटो मात्र, ज्यात पाणी रेशमी आणि आकाश जांभळं केलेलं असतं, फ्रेम होऊन दिवाणखान्यात लागतो. या दोहोंतला मोलाचा कोणता असं विचाराल, तर माझं मत डागाला. कोपराकडे काणाडोळा करून मी हे मत देत नाही. डागाला मोल येतं त्यात त्या कोपराचा मोठा वाटा आहे, असंच माझं म्हणणं आहे.

सुरतेला निसर्ग आयता मिळालेला नाही, हे आधी ध्यानात घेतलं पाहिजे. जमीन सपाट, चढ म्हणायचा तर उड्डाणपुलांचा, आणि ते मात्र मोजून दमावं इतके. तापी आहे, डुमसचा काळ्या वाळूचा किनारा आहे, विमानतळाच्या बाजूला गवियरचं तळं आहे. पण डोंगर पाहायचा तर पूर्वेला निघावं लागतं. एक वाट सोनगड-नवापूरची, दुसरी वांसदा-वघई-सापुताऱ्याची. नवापूर स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते आणि तिथला एक बाक अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत आहे. रेल्वेने निघालेल्या टोळीची निम्मी बॅटरी त्या बाकावरच संपते, जंगलाला उरलेली निम्मी. सापुताऱ्यापलीकडे हातगड, आणि आणखी आत गेलं की साल्हेर, १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. शिवाजी महाराजांच्या फौजा १६६४ आणि १६७० मध्ये सुरतेवर चालून आल्या. १६७१ मध्ये त्यांनी साल्हेर घेतला आणि १६७२ मध्ये तिथेच मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. आता वाहतूक उलट्या दिशेने चालते. शनिवारी रात्री सुरतेची माणसं साल्हेरकडे कूच करतात, आणि रसदीच्या बाबतीत तरी त्यांना कोणी नावं ठेवू शकणार नाही: थेपले, खाखरे, लसणाची चटणी, आणि कोणीतरी हौसेने डब्यात भरून घेतलेला लोचो, जो डब्यात भरायचा पदार्थच नव्हे. 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' ही म्हण ज्यांच्या रक्तात आहे ते लोक जंगलात आलो म्हणून नाश्ता लांबवत नाहीत. पहाटे पक्षी खरोखर हालचाल करत असतात तेव्हा ही मंडळी चहाचं आधण ठेवण्यात गुंतलेली असतात. तरीही फोटो निघतात, आणि सगळे सारखे निरुपयोगी नसतात.

ते का, हे सुरतेच्या हिराबाजाराइतकं चांगलं कोणी सांगणार नाही. महिधरपुऱ्यात किंवा वराछात रस्त्याच्या कडेला, उभ्या स्कूटरच्या सीटवर, लाखोंचा माल हातोहात फिरतो तो कागदाच्या पातळ पुडीत. तिला इथे पडीकुं म्हणतात. आतल्या मालाचं वजन नि प्रत पडीक्यावर लिहिलेली असते. आय-ग्लास डोळ्याला लावून माल पाहिला जातोच, पण वर लिहिलेलं आणि आत असलेलं जुळलं पाहिजे, यावर सगळा बाजार उभा आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांनी तर ही गोष्ट फारच टोकाला नेली. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेत जिल बायडेन यांना साडेसात कॅरेटचा जो हिरा भेट दिला तो असाच प्रयोगशाळेतला, सुरतेत घडलेला. तो काच नव्हे, खराच हिरा आहे, आणि नुसत्या डोळ्याला त्याच्यात नि खाणीतल्या हिऱ्यात फरक कळत नाही. तरी दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, आणि ते सगळं अंतर 'हा आला कुठून' या एका प्रश्नाच्या उत्तराचं. हिरे घासायच्या घंटीवर बसणाऱ्या कुठल्याही रत्नकलाकाराला हे शिकवावं लागत नाही. पण तोच माणूस रविवारी डांगातल्या महालच्या जंगलात कॅमेरा घेऊन शिरला की फक्त चमक पाहू लागतो. फोटोची धार, रंग, मागचा गोलगोल धूसरपणा ही पैलू पाडण्याची कामं झाली. रानातल्या जिवाच्या फोटोला किंमत येते ती कुठे, केव्हा, कोणी पाहिला या नोंदीने. आणि नोंद खरी आहे असं सांगायला नोंद करणाऱ्याशिवाय आणखी कोणीतरी हजर असावं लागतं. ते हजर होतं, याचा पुरावा म्हणजे कोपर.

दाखला एका घुबडाचा देतो, आणि तो तापीच्या खोऱ्यातलाच आहे. रानपिंगळा हे वीतभराचं घुबड ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये शास्त्रीय नाव देऊन जगापुढे आणलं. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत होते. पक्षी आणि पुढारी, दोन्ही गोळा करायचा त्यांना नाद होता. त्या काळात रानपिंगळ्याचे अवघे सात नमुने जमले, त्यांतले बरेच खानदेशातले, शेवटचा १८८४ चा. मग पक्षी जो गडप झाला तो झालाच. मध्ये एवढीच एक नोंद होती की रिचर्ड माइनर्टझहागन नावाच्या ब्रिटिश कर्नलने १९१४ मध्ये एक रानपिंगळा मारला, आणि मारला कुठे, तर तापीकाठच्या मांडवीला. होय, आपलंच मांडवी, सुरत जिल्ह्यातलं. केवडीच्या जंगलात जाताना लागतं ते. नमुना उत्तम भरलेला, चिठ्ठी नीटनेटकी, साल आणि गाव जागच्या जागी. कर्नल म्हणजे बडी आसामी: लढाया गाजवलेला, पक्ष्यांवर ग्रंथ लिहिलेला, लंडनच्या संग्रहालयात ऊठबस असलेला. अशा माणसाच्या चिठ्ठीवर शंका घेणं शिष्टाचारात बसत नव्हतं. त्यामुळे मांडवीचं नाव पक्ष्यांच्या पुस्तकांत सुखाने नांदत राहिलं, आणि रानपिंगळा निदान १९१४ पर्यंत तरी जिवंत होता म्हणून लोक तिथवरचा हिशेब धरून शोधत राहिले.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी ते कातडं पुन्हा हातात घेतलं. क्ष-किरणांनी आतलं भरण पाहिलं, शिलाई पाहिली, आणि प्रकरण उलगडत गेलं. हा पक्षी आधी दुसऱ्याच कोणीतरी भरलेला होता. नंतर तो उसवून, नव्याने भरून, त्याला नवी चिठ्ठी अडकवलेली होती. मूळ हात जेम्स डेव्हिडसनचा निघाला, १८८० च्या दशकात खानदेशात नोकरीला असलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याचा. कर्नलसाहेबांनी त्याने मारलेला पक्षी संग्रहालयातून लांबवून स्वतःच्या नावावर केला होता, आणि असे उद्योग त्यांनी इतरही पुष्कळ पक्ष्यांच्या बाबतीत केले होते. मग खोटी चिठ्ठी बाजूला सारून, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे भारतात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ, बेन किंग यांना झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. तिघांनी पाहिला, फोटो घेतले, व्हिडिओ घेतला. ती चित्रं भिंतीवर लावण्याजोगी आली का, हे जगात कोणी विचारलं नाही. जागा सांगितलेली होती, तारीख सांगितलेली होती; ज्याला पटत नसेल त्याने शहाद्याची बस धरावी.

आता या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहा. देखणेपणात कर्नलचा नमुना पुढे, यात वादच नाही. संग्रहालयाच्या कपाटात तो ऐटीत पडून होता. पण कर्नलचं खरं भांडवल वेगळंच होतं: मांडवीला त्याच्याबरोबर कोणी नव्हतं. लिंबायतचा एखादा पाटील आणि वराछाचा एखादा पटेल सोबत असते, तर तो चिठ्ठी लिहायला बसल्याबरोबर मागून आवाज आला असता, "रिचर्डभाई, मांडवीला आपण फक्त भजी खाल्ली. घुबड कधी मारलं?" एवढ्या एका वाक्याने पक्षीशास्त्राची दिशाभूल टळली असती. मित्र हे ट्रेकवर ओझं उचलायला नेतात, गाणी म्हणायला नेतात, पेट्रोलचे पैसे वाटून घ्यायला नेतात. पण त्यांचं शास्त्रीय काम हे की तुम्ही थाप मारू लागलात की ते तुमच्याहून मोठ्याने हसतात.

कर्नलची थाप भूगोलाच्या दृष्टीने फारशी हुकली नव्हती, ही त्यातली आणखी एक गंमत. गेल्या दशकात रानपिंगळ्याच्या रीतसर नोंदी डांगातल्या पूर्णा अभयारण्यातून झाल्या. २०१४ मध्ये तो मुंबईपासून जवळच्या तानसा अभयारण्यातही सापडला. म्हणजे हा पक्षीही सुरतेतल्या बहुतेक मराठी माणसांसारखाच, मूळ खानदेशचा आणि पत्ता गुजरातचा. तेव्हा पूर्णेच्या काठी कोणाच्या हललेल्या फोटोत जो तपकिरी डाग येतो, तो गावोगावच्या वडांवर बसणारा साधा पिंगळा असण्याचा संभव फार मोठा असला, तरी दुसरा एक बारीक संभव शिल्लक राहतो. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंखांवर नि शेपटीवर ठसठशीत पट्टे, आणि स्वारी दिवसाढवळ्या उघड्यावर बसलेली, एवढं दिसलं की जाणकार खुर्चीत सावरून बसतात. एवढं दिसायला फोटो देखणा असावा लागत नाही. पक्षीनिरीक्षकांच्या भाषेत याला 'रेकॉर्ड शॉट' म्हणतात. आपल्या ग्रुपवर त्याला 'डिलीट कर रे' म्हणतात.

देखण्या फोटोंवर माझा राग नाही, पण त्यांच्यामागे लागलेल्या माणसांचा इतिहास फारसा स्वच्छ नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणारा लांडगा पहिला आला. काही महिन्यांतच परीक्षकांचा निष्कर्ष झाला की लांडगा बहुधा माणसाळलेला, शिकवून तयार केलेला होता, आणि बक्षीस काढून घेण्यात आलं. २०१८ मध्ये त्याच स्पर्धेतला, रात्री वारुळाकडे निघालेला एक मुंगीखाऊ बाद झाला, कारण परीक्षकांच्या मते तो पेंढा भरलेला होता. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले, हेही सांगितलं पाहिजे. पण यातून हललेल्या फोटोच्या बाजूने एक चांगला मुद्दा निघतो: पेंढा भरलेला मुंगीखाऊ हलत नाही. आणि आता तर पेंढ्याचीही गरज उरलेली नाही. 'साल्हेरच्या तटावर बसलेला काळा बिबट्या, मागे उगवता सूर्य' एवढं टाइप केलं की तो येऊन बसतो, मिशांवर दवबिंदूंसकट. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याला निदान प्रमाणपत्र तरी मिळतं. या बिबट्याला थेट लाइक मिळतात. या दिवसांत जो फोटो इतका वाईट आहे की तो मुद्दाम बनवण्याचे कष्ट कोणी घेणार नाही, त्याचं स्वतःचं असं एक वजन तयार झालं आहे.

गुजरातला एकदा वाघ मिळाला तो अशाच एका फोटोने. या राज्यात वाघ उरलेला नाही, असं जवळजवळ तीन दशकं धरून चाललेलं होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये महिसागर जिल्ह्यात लुणावाड्याकडे एका शाळाशिक्षकाने रस्त्यावरून जाताना मोबाइलवर एक फोटो घेतला. हातात लांबलचक लेन्स नाही, अंगात छद्मरंगाचं जाकीट नाही; शिक्षक, मोबाइल आणि रस्ता ओलांडणारा वाघ. वनखात्याने नुसत्या त्या फोटोवर शिक्का मारला नाही, आणि मारला नाही हे चांगलंच केलं. पण फोटोला जागा होती, तारीख होती, विचारायला जिवंत माणूस होता. म्हणून त्या भागात आपोआप टिपणारे कॅमेरे लावता आले आणि आठवड्याभरात वाघ त्यांत आला. महिना संपायच्या आत तो मेलेला सापडला, ही त्या गोष्टीची दुःखाची बाजू. तरी पुढे पट्ट्यांची तुलना करून तो मध्य प्रदेशातून चालत आल्याचं ठरवता आलं. एवढ्या लांबच्या पायपिटीचा मागोवा ज्या फोटोपासून सुरू झाला तो एखाद्या छायाचित्र स्पर्धेत पहिल्या चाळणीतच गळाला असता.

यावर हरकती येतात, आणि त्या घेणारे लोक मुळीच मूर्ख नसतात. पहिली हरकत आवाजाची. सुरती माणसांची टोळी जंगलात शिरली की निम्मा डांग आहव्याकडे आणि निम्मा महाराष्ट्रात पळून जातो, मग फोटो कसले काढणार? हे बऱ्याच अंशी खरं आहे. सुरती लाला दगडाला ठेचकाळला की जे बोलतो ते दोन खोरी ओलांडून ऐकू जातं, आणि त्यातलं एक अक्षरही इथे छापता येणार नाही. पण पळून जातात त्यांत मोठे सस्तन प्राणी असतात, आणि ते तुम्ही एकटे, अनवाणी, मौनव्रतात गेलात तरी दिसायचे नसतात. बिबट्या डांगात आहे. तो तुम्हाला पाहतो, हा करार जुना आहे. वांसदा राष्ट्रीय उद्यान जेमतेम चोवीस चौरस किलोमीटरचं, आणि तिथे २०२० मध्ये रानकुत्रे आढळले ते माणसांनी दबक्या पावलांनी जाऊन नव्हे, झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यांनी. माणसांच्या टोळीला उरतात ते पळता न येणारे किंवा पळायची तसदी न घेणारे जीव: दोन झाडांमध्ये हातभर जाळं ताणून बसलेला वांसद्याचा प्रसिद्ध जायंट वुड स्पायडर, बेडूक, पतंग, बुरश्या, पावसाळ्यात खोडांवर फुलणारी आमरं. यांना तुमच्या शिव्या कळत नाहीत. आणि शास्त्राला यांचीच माहिती कमी आहे. मलेशियात एका हौशी माणसाने काढलेला चतुरासारख्या नाजूक पंखांच्या एका किड्याचा फोटो एका कीटकशास्त्रज्ञाच्या नजरेस पडला आणि तो किडा विज्ञानाला अजून माहीतच नसलेला निघाला. २०१२ मध्ये त्याला नाव मिळालं. त्या शास्त्रज्ञाने किड्याच्या पंखांवरच्या काळ्या-निळ्या खुणा ओळखल्या होत्या, पार्श्वभूमीचं सौंदर्य नव्हे. शिवाय टोळीला डोळे जास्त असतात. मात्र ब्लूटूथ स्पीकर आणणाऱ्याचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. त्याला वघईच्या अलीकडेच उतरवावं आणि बिलिमोऱ्याच्या गाडीची चौकशी करून द्यावी.

दुसरी हरकत अधिक कसलेल्या माणसाची असते: मित्र हे साक्षीदार म्हणून कुचकामी, कारण ते मित्राच्याच बाजूने बोलणार. ज्याने ही हरकत काढली त्याचे मित्र सुरतेचे नसावेत. इथे एकाने "गरुड" म्हटलं की दुसरा "घार" म्हणतो, तिसरा "कावळाच असेल" म्हणतो आणि चौथा, ज्याने काही पाहिलेलंच नसतं, तो पैज लावायला निघतो. पैजेत घारी ही मिठाई उतरली की मग लोक खरोखर फोटो मोठा करून शेपटी पाहतात, पुस्तक उघडतात, कोणाच्या तरी ओळखीच्या वनरक्षकाला फोन लावतात. विद्वानांच्या जगात याला परस्परपरीक्षण म्हणतात आणि त्याला सहा महिने लागतात. इथे ते वांसदा येईपर्यंत उरकतं. यातली अर्धी मतं चुकीची असतात हे मान्य. पण चुकीच्या चार मतांची ओढाताण चाललेली असली की थाप टिकत नाही, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे. एकमत झालेल्या टोळीची मात्र मलाही भीती वाटते.

तिसरी हरकत सौंदर्यवाद्यांची: सुंदर फोटो पाहूनच लोकांना जंगलाची ओढ लागते, डाग पाहून कोणाला लागणार? ओढ लागत असेल, लागू द्यावी. पण वाघाचे, मोराचे आणि पहाटेच्या धुक्याचे सुंदर फोटो जगात इतके आहेत की आपण आणखी एक काढला नाही तर निसर्गप्रेमात तूट येईल असं वाटत नाही. पूर्णेकाठच्या अमुक झाडावर अमुक दिवशी बसलेल्या पक्ष्याचा फोटो मात्र आपण नाही काढला तर कोणीच काढलेला नसतो. सुंदर फोटोच्या हव्यासापायी काय काय होतं हे पाहायला डांगातही जायला नको. हिवाळ्यात तापीवर पाहुणे म्हणून येणाऱ्या कुरवांना गाठिये उधळून, त्यांचा थवा उडवून, पुढे नवरा-नवरीला उभं केलं की झाला फोटो. कुरवाच्या पोटात बेसन आणि सोडा गेला याची नोंद कुठल्याही अल्बममध्ये नसते.

यापुढची हरकत मात्र मला निमूट मान्य करावी लागते. कुठे आणि केव्हा, ही नोंद जितकी खरी तितकी ती चुकीच्या हातात धोक्याची. घुबडाची ढोली नेमकी कुठे आहे हे ग्रुपवर टाकलं की पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या उभ्या राहतात, आणि दहांपैकी एक गाडी फोटोसाठी आलेली नसते. घुबडांचा काळा व्यापार आहे, आणि दिवाळीच्या सुमारास तो वाढतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, पण कायदा ढोलीपाशी राखणीला बसत नाही. म्हणून खरी नोंद ठेवावी, जाणकारांना आणि वनखात्याला द्यावी, आणि चव्हाट्यावर फक्त 'दक्षिण गुजरात' म्हणावं. आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी धोक्यातल्या जातींची जागा मुद्दाम धूसर करून दाखवतात ती याच कारणाने. घरट्याजवळ तर कॅमेरा काढूच नये, हललेला फोटो घ्यायलाही. थोडक्यात, फोटो धूसर चालेल, नोंद स्वच्छ हवी, आणि जाहीर करताना पुन्हा नोंदच धूसर करावी. तर्काला हे जरा अवघड जातं, पण जो माणूस बाजारात हिऱ्यांचं पडीकुं खिशात घालून साधा शर्ट घालून फिरतो त्याला ते चटकन समजतं.

एक शेवटची तांत्रिक शंका उरते. साक्षीदार झाले, जागा झाली. पण तारखेचं काय? कॅमेऱ्याचं घड्याळ बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की मनाला येईल ते साल दाखवू लागतं, आणि ते नीट लावण्याचा आळस सार्वत्रिक आहे. ग्रुपवर आलेल्या फोटोतून मूळ माहिती गळून गेलेली असते. मित्रांना महिन्याभराने विचारलं तर निम्मे म्हणतात श्रावणात गेलो होतो, निम्मे म्हणतात नवरात्रानंतर. यावर सुरती टोळीकडे जे साधन आहे ते कुठल्याही पक्षीनिरीक्षण संस्थेकडे नाही, आणि ते म्हणजे खर्चाचा हिशेब. सापुताऱ्याचा चहा, वघईची नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ, अभयारण्याची प्रवेश फी, पार्किंग, कोणीतरी मध्येच घेतलेला मध: सगळं फोनवरून दिलेलं, तास-मिनिटांसकट, आणि रात्री घरी पोचायच्या आत ग्रुपवर प्रत्येकाच्या नावापुढे मांडलेलं. फोटोची वेळ नऊ चाळीसच्या भाकरीनंतर आणि अकराच्या लिंबूसरबताआधी, एवढं त्यावरून कोणालाही काढता येतं. पक्षी पिंगळा होता की रानपिंगळा, यावर त्या मंडळींत वर्षभर एकमत होत नाही. पाटलाकडून एकशे पंच्याहत्तर रुपये यायचे राहिले आहेत, याबद्दल मात्र पाटलासकट कोणाचंच दुमत नसतं.